जबडा हातात घेऊन बसणाऱ्या कमलबाई

तार वाकवायला घेण्याआधी कमलबाई बराच वेळ काहीही करत नसत. रोग्याच्या दातांचा प्लास्टरचा साचा डाव्या तळहातावर ठेवायच्या, खिडकीशेजारच्या लाकडी खुर्चीत बसायच्या आणि त्या पांढऱ्या जबड्याकडे नुसत्या पाहत राहायच्या. पक्कड मांडीवर पडलेली असे. बाकावर माणसं खोळंबलेली असत. बाहेर हमरस्त्यावरून रायपूरकडे जाणारे ट्रक धडधडत जात आणि खिडकीची काच थरथरत राही. बाईंची पापणी मधूनच लवायची, तेवढंच. पहिल्यांदा आलेला माणूस अशा वेळी चुळबुळ करू लागे. मग शेजारचा जुना पेशंट त्याला हळू आवाजात समजावी, "थांब जरासा. बाई पाहून राहिली."

"काय पाहून राहिली?"

"तुह्या पोराचे दात कोठं जाऊन राहिले ते."

डॉ. कमल दिघोरे साकोलीला दातांच्या डॉक्टर होत्या. सत्तरचं दशक संपत आलं होतं. आमच्या भागात तेव्हा दातांवर एकच इलाज माहीत होता, तो म्हणजे दात काढून टाकणं. त्या काळात ही बाई धानाच्या गावांमधल्या पोरांचे पुढे आलेले, एकावर एक चढलेले दात तारेच्या प्लेटा लावून सरळ करत होती. तिच्याविषयी एक गोष्ट भंडारा जिल्ह्यात अजून सांगितली जाते. परवा नात्यातल्या एका लग्नात एका तरुण दंतवैद्यानं मलाच ती कौतुकानं ऐकवली. साकोलीला म्हणे एक बाई होती, ती नुसत्या ध्यानानं दात सरळ करायची. मी मान डोलावली आणि पुढच्या पंगतीला जाऊन बसलो. त्या दिवशी जेवण गोड लागलं नाही. ही गोष्ट खोटी आहे आणि ती पसरली माझ्यामुळे. माझं आता वय झालं आहे. ती कशी पसरली हे मुळापासून सांगू शकेल असं दुसरं कोणी उरलेलं नाही.

मी मूळचा भंडाऱ्याजवळच्या शहापूरचा. नागपूरच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवत असे. बहीण साकोलीला दिलेली. तिच्याकडे गेलो असताना दाढ ठणकू लागली म्हणून मी कमलबाईंच्या दवाखान्यात पोचलो. भिंतीतल्या फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीनं मांडलेले होते आणि प्रत्येकावर पेन्सिलीनं नाव लिहिलेलं होतं. खेड्यातून आलेली एक म्हातारी त्यांच्याकडे पाठ करून बसली होती, कारण ते मेलेल्या माणसांचे आहेत अशी तिची पक्की समजूत होती. माझ्या तोंडात आरसा घालता घालता बाईंनी विचारलं, तुम्ही कायचे डॉक्टर? मी सांगितलं, पेशंट पाहत नाही, शिकवतो. "म्हणजे बिनपेशंटचे डॉक्टर," त्या म्हणाल्या. पुढे आमची ओळख घट्ट झाली तरी हे नाव त्यांनी सोडलं नाही.

बाई उंचीला बेताच्या, सावळ्या, केसांचा अंबाडा घट्ट बांधलेला. पांढऱ्या कोटाच्या बाह्यांवर प्लास्टरची पूड. बोलणं अस्सल झाडीपट्टीतलं. नागपूरला राहून शिकल्या, पण "मले", "तुले" काही सुटलं नाही, आणि ते लपवण्याचं त्यांना कधी सुचलंही नाही. घराणं ढिवराचं. वडील गावच्या तलावात मासे धरायचे. लहानपणी त्यांच्याबरोबर पाळीवर बसायचं आणि बोलायचं नाही, असा नेम होता. त्या सांगत, "बाबा गळ टाकून बसले का मी आपली पाण्याकडं पाहात बसो. घंटाभर कोणीच बोले ना. पाणी पाहता पाहता मले वाटे का मी नाहीच हाये, पाणीच हाये." हे त्या अगदी सहज सांगत, जणू पाटावर बसून जेवले म्हणावं तसं.

त्यांच्या कामाची रीत मी पुष्कळदा पाहिली. प्लेट म्हणजे टाळूला बसेल असा गुलाबी रंगाचा पातळ पत्रा, ॲक्रिलिकचा. त्यात बारीक तारा बसवलेल्या. एक तार पुढच्या दातांवरून जाई, बाकीच्या आकड्यांसारख्या दाढांना धरून ठेवत. दर महिन्याला पोरानं यायचं आणि बाईंनी तार किंचित आवळायची. किंचित म्हणजे इतकी की आवळली हे पोराला घरी गेल्यावर कळावं. दाब हलका आणि सतत राहिला तर दाताच्या पुढचं हाड विरघळत जातं, मागे नवं भरत येतं, आणि दात त्यातून वाट काढत सरकतो. मी हे पुस्तकात वाचलं होतं. बाई ते आयांना त्यांच्या शेतातल्या भाषेत सांगत. "दात म्हणजे धानाचं रोप नाही बाप्पा, का येथचं उपटून तेथं रोवलं. तो आपल्या पायानं चालत जाते. आपण मांगून फकत हात ठेवाचा. ढकललं तं त्याचं मूळ झिजते." एखाद्या बापानं लग्नाची घाई सांगून लवकर उरकायला सांगितलं, तर त्या शांतपणे म्हणत, मग नवऱ्यालाच थांबायला सांगा.

तारेइतकीच त्यांची नजर जिभेवर असे. पुष्कळ पोरं तोंडानं श्वास घेतात आणि गिळताना जीभ दातांवर रेटतात. ते रेटणं चालू असेल तर सरळ केलेला दात पुन्हा पुढे येतो. म्हणून बाई पोरांना भिंतीला टेकवून बसवत, ओठ मिटायला लावत, जिभेचं टोक वरच्या दातांच्या मागे टाळूला लावायला सांगत आणि नाकानं सावकाश श्वास घ्यायला लावत. "जीभ घरात ठेव," असं म्हणत. दवाखान्यात अशी ओळीनं डोळे मिटून बसलेली पोरं दिसत. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते ध्यान वाटलं तर त्यात नवल नव्हतं. मलाही ते तसंच वाटलं होतं.

त्या सुमारास आमच्या विभागात मेंदूच्या लहरी टिपणारं यंत्र आलं होतं. डोक्याला तारा चिकटवायच्या, की शाईच्या बारीक टाकांखालून कागद सरकत जाई आणि त्यावर लाटा उमटत. ध्यानाचा मेंदूवर काय परिणाम होतो हा तेव्हा सगळीकडे चर्चेचा विषय होता. आमचे विभागप्रमुख, त्यांना मी इथे सर एवढंच म्हणतो, त्या विषयानं झपाटले होते. आम्ही साधू आणले, योगशिक्षक आणले. आपली परीक्षा होते आहे हे त्या सगळ्यांना माहीत असे, आणि कागदावर नेमकी तीच धडपड उमटे. मी सरांना कमलबाईंविषयी सांगितलं.

मग बाईंना येता का म्हणून विचारलं, तर त्या हसल्या. "माह्या डोक्यात काय सापडन तुमाले? दाताचीच गर्दी." पण त्यांना तसंही नागपूरला यायचंच होतं. लाखांदूरकडच्या एका गावातली यमुना नावाची मुलगी त्यांच्याकडे उपचार घेत होती. तिचे वरचे दात इतके पुढे की ओठ मिटत नसत. बोलताना ती हात तोंडावर धरी. नाकामागच्या गाठी वाढल्यामुळे तिला नाकानं श्वास घेता येत नव्हता, आणि त्या काढल्याशिवाय तार लावून उपयोग नाही असं बाईंचं मत होतं. म्हणून यमुना आणि तिचे वडील रामाजी यांना घेऊन त्या नागपूरला आल्या, मी दोघांना घशाच्या डॉक्टरांकडे नेऊन बसवलं आणि दुपारी बाई आमच्याकडे आल्या.

मी त्यांना पलंगावर बसवलं, डोक्याला तारा चिकटवल्या आणि डोळे मिटून ध्यान करायला सांगितलं. त्यांनी आज्ञाधारकपणे डोळे मिटले. पहाटेच्या एसटीनं आलेल्या, थोड्याच वेळात त्यांना डुलकी लागली. कागदावर साधी झोप उमटली. सर कंटाळून चहाला गेले. मी यंत्र बंद करणार, तेवढ्यात बाई जाग्या झाल्या, झालं का म्हणून विचारलं, आणि माझं आवरेपर्यंत वेळ जावा म्हणून त्यांनी पिशवीतून यमुनाचा प्लास्टरचा जबडा काढून तळहातावर घेतला. खिडकीतून तिरपं ऊन येत होतं. त्या पाहू लागल्या.

टाकांचा खरखराट हळूहळू एका लयीत आला. डोळे मिटून स्वस्थ बसलं की कोणाच्याही मेंदूतून मंद, एकसारख्या लाटा येतात. डोळे उघडून काही निरखू लागलं की त्या विस्कटतात. बाईंचे डोळे सताड उघडे होते, त्या निरखत होत्या, आणि कागदावर वाऱ्याविना हलणाऱ्या तलावासारख्या लाटा एकामागून एक येत होत्या. खोलीत कोणी आहे असं वाटेनासं झालं. मीही श्वास जपून घेत होतो. मी हाक मारली तरी लाटा लगेच मोडल्या नाहीत, जराशा हलल्या आणि पुन्हा जुळल्या. मग त्यांनी पिशवीतली पक्कड हातात घेतली आणि सगळा कागद स्नायूंच्या हालचालीनं काळा झाला.

एका माणसाच्या एका दुपारच्या कागदावरून काही सिद्ध होत नाही, हे तेव्हाही मला ठाऊक होतं. मी नोंद केली ती अशी: काम सुरू करण्यापूर्वी हातातल्या जबड्याकडे पाहताना. चहा घेऊन परतलेले सर कागद पाहून हरखले. नोंद वाचून मात्र त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. ते रागीट नव्हते, वाईट तर मुळीच नव्हते. ते म्हणाले, ही ध्यानावस्थाच नाही का? मग जबडा कशाला? लोक हसतील. मी जबडा खोडला. 'ध्यानावस्थेत, डोळे उघडे' असं लिहिलं. पुढे आमचा लेख छापला गेला त्यातही तेच आलं.

एवढ्यावर राहिलं असतं तर कोणाचं काही बिघडलं नसतं. तसले लेख वाचतो कोण? पण त्या हिवाळ्यात भंडाऱ्याला एका व्याख्यानमालेत मला बोलावलं. आपल्याच जिल्ह्यात, आपल्या माणसांसमोर बोलायचं म्हणून मी फुलून गेलो होतो. साकोलीच्या एका डॉक्टरबाईंच्या मेंदूतल्या लहरी मी खडूनं फळ्यावर काढून दाखवल्या. शेवटी कोणीतरी उभं राहून विचारलं, म्हणजे बाई दातही त्यानंच सरळ करतात का? नाही, एवढाच शब्द म्हणायचा होता. मी म्हणालो, "मनाचा परिणाम सबंध शरीरावर होतो. दात तरी त्याला अपवाद कसे असतील?" टाळ्यांचा कडकडाट झाला. त्या टाळ्या मला आजही ऐकू येतात.

ती गोष्ट एसटीच्या वेगानं गावोगाव गेली. बाईंच्या दवाखान्यात माणसं नारळ घेऊन येऊ लागली. कोणी पाया पडे, कोणी बाई हातात साचा घेऊन बसल्या की हात जोडून समोर बसे. आणि पोरांच्या तोंडातल्या प्लेटा निघू लागल्या. ध्यानानंच व्हायचं असेल तर पोराला हा जाच कशाला, असा साधा हिशेब होता. बाई परोपरीनं सांगत की मी काही करत नाही, तार करते. लोक एकमेकांकडे पाहून माना डोलवत. खरा सिद्ध माणूस असंच म्हणतो, हे त्यांना माहीत होतं.

बाई नागपूरला माझ्याकडे आल्या तेव्हा मला हे सगळं कळलं. विभागात माझ्या टेबलासमोर बसल्या, पाणी प्यायल्या आणि रामाजीच्या घरचं सांगू लागल्या. यमुनाच्या नाकामागच्या गाठी काढून झाल्या होत्या, प्लेट बसली होती, दात मागे सरकू लागले होते. ती दोन महिने आली नाही म्हणून बाई स्वतः तिच्या गावी गेल्या. तर प्लेट देव्हाऱ्यात. खंडोबाच्या टाकाशेजारी, तांदळाच्या राशीवर गुलाबी प्लेट ठेवलेली, तारेला हळदकुंकू लावलेलं. पोरीला रोज सकाळी तिच्यासमोर डोळे मिटून बसवत होते. दात पुन्हा पुढे यायला लागले होते.

मला हसू आलं. बाईंना नाही आलं.

"पोरगी वाढीची हाये," त्या म्हणाल्या. "आता हाड कवळं हाये. वरीसभर अशीच बसली तं मंग माह्याकडून नाही होनार. जन्मभर तोंडावर हात धरून बोलन ते. माहं कोणी आयकत नाही, मास्तर. तुमी बोलले, तुमीच येऊन सांगा. रामाजीले सांगा का मी चुकलो बोलाले. एवढंच."

बिनपेशंटचे डॉक्टर न म्हणता त्या मला मास्तर म्हणाल्या, हे माझ्या तेव्हाच लक्षात आलं. मी येतो म्हणालो. येत्या रविवारी नक्की, असं म्हणालो. मनापासून म्हणालो.

त्या आठवड्यात सरांनी मला बोलावलं. वरच्या जागेसाठी माझं नाव जाणार होतं आणि तो लेख माझ्या अर्जाचा कणा होता. मी भीत भीत विषय काढला. सर म्हणाले, आपण लेखात दातांविषयी कुठे काय लिहिलंय? ते खरंच होतं. सभेतलं एक वाक्य, ते विसरून जातील लोक, असंही ते म्हणाले. रविवारी पाऊस नव्हता, ताप नव्हता, एसटी चालू होत्या. मी घरी पेपर तपासत बसलो. बाईंना पत्र टाकलं की तब्येत बरी नाही. पुढचा रविवारही तसाच गेला. मग मी रविवार मोजणं सोडलं.

बाईंनी वाट पाहिली आणि एका बाजाराच्या दिवशी एकट्याच रामाजीकडे गेल्या. पुढचं मला त्यांच्याच तोंडून कळलं, पण फार उशिरा. त्या देव्हाऱ्यासमोर बसल्या. रामाजीनं नमस्कार केला. बाईंनी प्लेटकडे बोट दाखवून विचारलं, हे काय आहे? रामाजी म्हणाला, तुमचा परसाद. बाई म्हणाल्या, "परसाद तोंडात घालाचा असते का देवापाशी ठेवाचा असते? पोरीच्या तोंडात घाल. जेवताना काढाचा, धुवाचा, पुन्हा घालाचा. नाहीतं दोष लागन." रामाजीनं कानाला हात लावले. यमुनानं तिथेच प्लेट धुऊन तोंडात घातली. त्या दिवसापासून एक दिवस चुकला नाही, दर महिन्याच्या फेरीला दोघं सकाळच्या पहिल्या गाडीनं हजर.

ही युक्ती गावोगाव लागू पडली. प्लेटा परत तोंडात गेल्या. पण बाई आता लोकांच्या लेखी खरोखरच ध्यानाची बाई झाल्या, आणि ते त्यांनी स्वतःच्या तोंडानं कबूल केलेलं होतं.

मी साकोलीला गेलो ते पुष्कळ महिन्यांनी, बहिणीकडे कार्य होतं म्हणून. दवाखान्यात शिरलो तर खिडकीजवळची खुर्ची नव्हती. बाईंनी आतल्या बाजूला पडदा लावून घेतला होता. पडद्याबाहेर माणसं गप्प बसलेली, कोणाच्या हातात फुलं. बाईंनी मला आत घेतलं. त्या रागावलेल्या नव्हत्या. त्या रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. रामाजीकडची सगळी हकीकत त्यांनी मला सांगितली आणि शेवटी म्हणाल्या, "तुमी आले असते तं मले खोटं बोलाव लागलं नसतं."

टेबलावर कोणाचातरी जबडा होता. मी विचारलं, अजून तसंच पाहत बसता ना? त्यांनी जबडा उचलला, तळहातावर ठेवला, थोडा वेळ ठेवला आणि परत खाली ठेवला.

"आता दात दिसत नाही," त्या म्हणाल्या. "पडद्यामांगं बसलेले लोकं दिसते. मी पाहून राहिली का नाही, ते पाहून राहिले."

मग त्या मोजपट्टीनं मापं घेऊन काम करू लागल्या. काम चांगलंच होई. मला तरी कुठे उणं दिसलं नाही. पण लहानपणी तलावाच्या पाळीवर जी गोष्ट त्यांच्या अंगात उतरली होती, जिच्याकडे कोणी कधी लक्ष दिलं नव्हतं म्हणून जी टिकली होती, ती मी यंत्राला जोडली, फळ्यावर काढली आणि लोकांना वाटून टाकली. ध्यानाचा मेंदूवर काय परिणाम होतो यावर मी पुढे कितीतरी वर्षं व्याख्यानं दिली. ध्यानाकडे पाहणाऱ्यांचा ध्यानावर काय परिणाम होतो, हे एकाही व्याख्यानात सांगितलं नाही.

ऐंशीचं दशक अर्धं उलटल्यावर बाई काविळीनं गेल्या. वय जाण्याचं नव्हतं. मला वरची जागा मिळून जमाना झाला होता. बातमी बहिणीच्या पत्रातून आली तेव्हा बाईंना जाऊन महिना लोटला होता. मी साकोलीला गेलो. दवाखाना बंद होता. शेजारच्या सायकलवाल्यानं सांगितलं की बाईंच्या भावानं सगळे जबडे पोत्यात भरून गावी नेले. मी स्टँडवर आलो, नागपूरच्या फलाटावर उभा राहिलो, गाडी लागली, आणि मी तिच्यात न बसता लाखांदूरच्या गाडीत बसलो. का, ते तेव्हा मला सांगता आलं नसतं. दोन्ही बाजूंना धान पिकत आलं होतं. बांध्यांमधलं उरलंसुरलं पाणी उन्हात चमकत होतं. गाडी इतकी सावकाश चालली होती की आपण जागचे हललोच नाही आणि शेतंच मागे निघाली आहेत असं वाटत होतं. रामाजीला काय सांगायचं त्याची वाक्यं मी जुळवत होतो आणि ती पुन्हा पुन्हा सुटून जात होती.

घर विचारत गेलो. अंगणात एक तरुण बाई धान वाळवण्यासाठी शेणानं सारवत होती. तिनं मान वर केली आणि मला ओळखून हसली. ती यमुना होती, दिवाळीसाठी माहेरी आलेली. हात शेणानं भरलेले, त्यामुळे तोंडावर हात धरण्याचा प्रश्नच नव्हता. तिला त्याची आठवणही नसावी. दात सरळ, ओठ सहज मिटलेले. "या नं, डॉक्टर," ती म्हणाली. "बाबा पडवीत हाये."

रामाजी खाटेवर बसला होता, थकलेला, पण कान शाबूत होते. भिंतीवर कमलबाईंचा कुठल्यातरी सत्काराचा फोटो होता, त्याला हार. मी चहा घेतला नाही. आधी ऐका म्हणालो. भंडाऱ्याच्या सभेत मी बोललो ते चुकीचं होतं. बाईंनी ध्यानानं एकही दात हलवला नाही. त्या हातात जबडा घेऊन बसत तेव्हा तार कुठे वाकवायची, किती वाकवायची, एवढाच विचार करत. त्या सांगत होत्या ते खरं होतं आणि मी येऊन ते सांगायला हवं होतं. मी आलो नाही. परसाद म्हणून त्यांना तुम्हाला सांगावं लागलं, ते माझ्यामुळे.

रामाजीनं भिंतीवरच्या फोटोकडे मान वळवली. अंगणात यमुनाचा हात जमिनीवर फिरत होता, त्याचा ओला आवाज येत होता. मला वाटलं, आता हा फोटो खाली उतरवेल. सरांचं म्हणणं मला आठवत होतं. प्लास्टरच्या जबड्याला लोक हसतील.

"म्हणजे," रामाजीनं विचारलं, "काहीच मंतर-बिंतर नव्हता?"

"नव्हता."

"दर महिन्याले तिनं हातानंच आवळली तार?"

"हातानंच."

"आमी फेरी चुकलो तं तेथून येथवर आली, थे बी तारेसाठीच?"

"हो."

तो फोटोकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "देवानं केलं म्हटलं तं देवाचं कामच हाये थे, डॉक्टर. पण माणसानं हातानं केलं असन तं लय झालं. लयच झालं." आणि अंगणाकडे तोंड करून त्यानं मुलीला हाक दिली, "यमुने, आयकलं का? बाईनं हातानं केलं म्हणते."

यमुनानं सारवणं थांबवलं नाही.

"मले ठाऊक हाये, बाबा," ती म्हणाली. "मले तिनं तेव्हाच सांगतलं होतं."